खोल्यांच्या आधी वाटा

नवे घर बांधण्याचा बेत मनात आला म्हणजे मनुष्य प्रथम खोल्यांची यादी करू लागतो. एक बैठकीची, दोन निजावयाच्या, एक स्वयंपाकाची, लहानसे देवघर, जमल्यास मुलांच्या अभ्यासाला एखादी आणि पाहुण्यारावळ्यांसाठी माडीवर आणखी एक, अशी ती यादी कागदावर उतरते. मग प्रत्येक नावापुढे लांबीरुंदीचे आकडे पडतात, त्यांची बेरीज होते, दर चौरस फुटाच्या खर्चाने तिला गुणले जाते, आणि येणारी रक्कम शिल्लक व कर्ज यांच्या मेळात बसली की नकाशा ठरला, अशी घरात सर्वांची समजूत होते. ह्या रीतीने ठरतो तो घराचा हिशेब. त्या घरात पुढे चाळीस-पन्नास वर्षे जे सुख किंवा जो त्रास वाट्याला यावयाचा, तो बहुतांशी निराळ्याच गोष्टींवर अवलंबून असतो. एका खोलीतून दुसरीत जाण्याची वाट कोठून जाते, दार भिंतीच्या कोणत्या टोकाला उघडते, वैशाखातले ऊन कोणत्या प्रहरी कोणत्या भिंतीवर येते, पावसात भिजून आलेला मनुष्य छत्री कोठे ठेवतो आणि ओले कपडे कोठे वाळतात, हे प्रश्न यादीत कोठेच नसतात. म्हणून नकाशा करणाऱ्याने खोल्या आखण्यापूर्वी वाटा आखाव्यात, असे माझे निश्चित मत आहे. आणि तसे केल्यास खोल्यांपैकी निम्म्या आपोआप आपल्या जागी जाऊन बसतात.

आपल्या जुन्या घरांना ही विद्या अवगत होती. देशावरच्या वाड्यात रस्त्यावरून येणारा मनुष्य दिंडीतून देवडीत, देवडीतून चौकात, चौकातून ओसरीवर, ओसरीवरून सोप्यात आणि तेथून, तसा अधिकार असेल तरच, माजघरात जात असे. कोकणात खळे, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार ही रांग त्याच तत्त्वावर लावलेली असे. वसुलीचा कारकून ओसरीवर थांबे, व्याही सोप्यात बसत, माहेरवाशीण थेट माजघरात जाई. कोणालाही येथपर्यंतच यावे असे तोंडाने सांगण्याची वेळ येत नसे, कारण जोत्याची चढण, उंबरा आणि उतरत जाणारा उजेड यांनी ते आधीच सांगितलेले असे. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा जो वाडा आहे, तो पाहावयास जाणाराने खांबांवरची कारागिरी तर पाहावीच, पण चौकामागून चौक ओलांडताना आपली नजर कोठवर पोहोचते आणि कोठे अडते याकडेही लक्ष द्यावे. नकाशाशास्त्राचा तो एक उत्तम धडा आहे.

मात्र ह्या जुन्या रचनेमागे एक अट होती, आणि ती आज उरलेली नाही. त्या घरात हलविता न येणारे सामान फार थोडे असे. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणत व घराचे मापही खणांतच सांगत. अशा पाच खणी माजघरात दिवसा पंगत बसे, दुपारी निवडटिपण चाले, रात्री वळकट्या उलगडून तेथेच अंथरुणे पडत आणि पहाटे ती पुन्हा गुंडाळून ठेवली जात. वस्तू ठेवावयाच्या त्या जाड भिंतींतील कोनाड्यांत आणि फडताळांत. जमीन रिकामी असल्यामुळे माजघराला चारी बाजूंनी दारे असली तरी काही बिघडत नसे. खोली हीच वाट आणि वाट हीच खोली असे. पुढे पुण्यात डेक्कन जिमखान्यासारख्या वस्त्यांतून बंगले उठू लागले, आर. एस. देशपांडे यांच्यासारख्या पुण्याच्या अभियंत्यांनी मध्यमवर्गीयांसाठी नकाशांची पुस्तके लिहिली, त्यांपैकी ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हे १९३९ साली निघाले. आणि याच सुमाराच्या दशकांत खाट, टेबल, कपाट ह्या वस्तू मध्यम स्थितीतल्या घरांतही कायमच्या मुक्कामाला आल्या. खाट एकदा ठेवली की ती जमीन वाटेतून वजा झाली. दारांच्या जागेचा प्रश्न तेव्हापासून खरा निकडीचा झाला, पण नकाशे करण्याची आपली सवय मात्र मोकळ्या माजघराच्या काळातलीच राहिली.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. निजावयाची खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब घेतली, तर ती पुरेशी आहे असे कोणीही म्हणेल. तीत सहा फूट रुंद व साडेसहा फूट लांब अशी दोघांची खाट दहा फुटी भिंतीला उशी लावून ठेवली म्हणजे दोन्ही अंगांना दोन-दोन फूट उरतात, आणि पायथ्याकडे साडेपाच फूट. समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट उभे केले की मध्ये साडेतीन फुटांचा पट्टा राहिला. आता दार यावयाचे ते बारा फुटी भिंतीत, आणि त्या भिंतीतही ह्या साडेतीन फुटांच्या पट्ट्यासमोरच. तेथे ते आले तर खोली सुखाची झाली. परंतु आखणाराने केवळ दिसावयास बरे म्हणून दार भिंतीच्या मध्यावर घेतले, तर ते उघडताच खाटेवर आपटते, खाट सरकवावी तर खिडकी झाकते, आणि कपाटाला जागा राहत नाही. खोली एका इंचानेही लहान झालेली नसते. दार दोन-अडीच फूट चुकलेले असते, आणि तेवढ्याने बाराशे रुपयांची असो की बारा लाखांची असो, ती खोली कायमची अडचणीची होते. तीन दारांची खोली तर बसण्याच्या कामाची राहतच नाही. यासाठी आखणीच्या कागदावर एक फुटाला ठरावीक चौकोन धरून, त्याच मापाने खाट, कपाट, जेवणाचे टेबल, शिवणयंत्र, धान्याच्या कोठ्या यांचे तुकडे कातरून घ्यावेत आणि ते खोल्यांत मांडून, हलवून पाहावेत. हा मुलांचा खेळ वाटेल, पण ह्याइतकी अचूक कसोटी दुसरी नाही.

बैठकीच्या खोलीत दारांचे दुखणे आणखी वेगळ्या प्रकारचे असते. पुढचे दार एका कोपऱ्यात आणि आत जाण्याचे दार समोरासमोरच्या दुसऱ्या कोपऱ्यात असले, म्हणजे घरातली सारी वर्दळ त्या खोलीचे दोन तिकोनी तुकडे करून जाते. बसलेल्या चार माणसांच्या मधून दूधवाला, शाळेतून आलेली मुले आणि पाण्याचा तांब्या घेऊन येणारी सून अशी सर्वांची ये-जा चालते. तीच दोन दारे एकाच बाजूच्या भिंतीलगत घेतली तर वाट कडेने जाते आणि उरलेली सारी खोली अखंड मिळते. वाट वेगळी काढावयाची म्हणून कोणी लांब बोळ घालतात. बोळ तीन फूट रुंद व वीस फूट लांब घातला तर साठ चौरस फूट गेले, म्हणजे वर सांगितलेल्या निजावयाच्या खोलीच्या नेमके निम्मे; त्या जागेवर कोणी बसत नाही, ती अंधारी राहते, आणि तिची किंमत मात्र इतर जागेइतकीच पडते. खोल्या एका मधल्या चौकोनी जागेभोवती मांडल्या, तर बोळाचे काम ती जागा करते आणि तेथे जेवणाची पंगतही बसते. माजघराचे हे पुनरुज्जीवन मला फार मोलाचे वाटते. शिवाय गणपतीचे दिवस, हळदीकुंकू, मुंज, बारसे अशा प्रसंगी बैठक आणि हे मधले घर यांमधील रुंद दार उघडले म्हणजे पन्नास माणसे सामावतात. वर्षातून तीन-चार वेळा येणाऱ्या गर्दीसाठी निराळा दिवाणखाना बांधण्याची गरज राहत नाही.

वाटांबरोबरच ऊन व वारा यांचीही तजवीज प्रारंभीच व्हावयास पाहिजे, कारण भिंती उभ्या राहिल्यावर दिशा बदलता येत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. तेथे मार्गशीर्ष-पौषात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्यास तो अगदी डोक्यावर येतो, आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्ही तो किंचित उत्तरेकडेच असतो. ह्याचा अर्थ असा की, दक्षिणेच्या भिंतीला कडक उन्हाळ्यात दुपारचे ऊन जवळजवळ लागत नाही, आणि हिवाळ्यात, जेव्हा ते हवेसे वाटते, तेव्हा ते मिळते. दक्षिणेच्या चार फूट उंचीच्या खिडकीवर लगत दोन फुटांचा छज्जा काढला तर डिसेंबरातल्या माध्यान्ही खिडकीच्या वरच्या सव्वादोन फुटांवर सावली राहते आणि खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन आत येते. एप्रिल-मेमध्ये तीच खिडकी दुपारी संपूर्ण सावलीत असते. पश्चिमेची गोष्ट याच्या उलट. एप्रिलात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य इतका उतरलेला असतो की तोच दोन फुटांचा छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. भिंत तापते, आणि विटांनी साठविलेली ती उष्णता काही तासांनी, म्हणजे नेमकी निजण्याच्या वेळी, आतल्या बाजूस बाहेर पडू लागते. म्हणून पश्चिमेच्या अंगाला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली अशा गोष्टी द्याव्यात, किंवा पडवी काढावी, किंवा झाड लावावे. निजावयाची खोली देऊ नये.

पण येथे एक पेच आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. देशावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी जो वारा सुटतो तोही बहुधा पश्चिमेकडूनच येतो. पश्चिम अगदी बंद केली तर ऊन थांबते तसा वाराही थांबतो. त्यावर उपाय असा की पश्चिमेस लहान, खोल बसविलेल्या व लाकडी झडपांच्या खिडक्या ठेवाव्यात, त्या दुपारी मिटून दिवस कलल्यावर उघडाव्यात, आणि समोरच्या पूर्वेच्या भिंतीत तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या खिडक्या घ्याव्यात. कारण वाऱ्याला बाहेर पडावयास वाट नसेल तर तो आतही शिरत नाही. एकाच भिंतीत दोन खिडक्या असलेल्या खोलीपेक्षा दोन भिंतींत एकेक खिडकी असलेली खोली कितीतरी अधिक हवेशीर असते. कोकणात ह्याच पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून पाऊस आडवा येतो, म्हणून तेथे त्या अंगाची पडवी खाली उतरत्या छपराची हवी. १९७० साली प्रथम निघालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचे क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या किमान एकदशांश आणि दमट उष्ण हवेत किमान एकषष्ठांश असावे असे सांगितले आहे. नागपूरचा नकाशा उचलून रत्नागिरीस घर का बांधू नये, याचे उत्तर ह्या दोन अपूर्णांकांत आहे.

वास्तुशास्त्राचा विचार येथेच करावा. ‘मयमत’, ‘मानसार’ यांसारख्या ग्रंथांत जमिनीचे चौसष्ट किंवा एक्याऐंशी पदांचे मंडल कल्पून दिशांची वाटणी केलेली आहे आणि मधली पदे ब्रह्म्याची मानली आहेत; चौकाची मोकळी जागा घराच्या मध्यभागी ठेवण्याच्या प्रघाताशी ते चांगले जुळते. स्वयंपाकघर आग्नेयेस असावे ह्या नियमात सकाळच्या उन्हाचा लाभ आहे, आणि वारा पश्चिमेचा असेल तर चुलीचा धूर घरात न फिरता बाहेर जातो. ज्या कुटुंबाची ह्या नियमांवर श्रद्धा आहे त्याने त्यांचा विचार पहिल्या कच्च्या आराखड्याच्या वेळीच करावा. नकाशा मंजूर झाल्यावर कोणा सल्लागाराच्या सांगण्यावरून स्वयंपाकघर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेणे म्हणजे साऱ्या वाटा, साऱ्या मोऱ्या आणि सारा उजेड विस्कटून टाकणे होय, आणि ते कोणत्याही शास्त्राला मान्य होण्यासारखे नाही.

स्वयंपाकघराविषयी अधिक विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण नकाशा करणारे बहुधा पुरुष असतात आणि त्या खोलीत दिवसाचे पाच-सहा तास उभे राहणारी व्यक्ती बहुधा त्या चर्चेच्या वेळी चहा करावयास आत गेलेली असते. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुविशारदाने जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहरातील कामगारवस्तीसाठी एक स्वयंपाकघर आखले. स्वयंपाक करताना पावले किती पडतात, हात कोठवर पोहोचतो, याचा विचार करून तिने ती खोली सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब एवढीच ठेवली. पद्धत अनुकरणीय आहे. मापे मात्र जशीच्या तशी घेण्याजोगी नाहीत. आपल्याकडे पोळ्या लाटणारी एक आणि भाजी फोडणीला टाकणारी दुसरी अशा दोघी एकाच वेळी काम करतात, सासूबाई खाली पाटावर बसून शेंगा सोलतात, फोडणीचा ठसका उठतो, वर्षाचे गहू-तांदूळ साठवावयाचे असतात. दोन्ही भिंतींना दोन-दोन फुटांचे ओटे धरले आणि दोघींना एकमेकींना न अडखळता वळण्यासाठी मध्ये चार फूट ठेवले, तर रुंदी आठ फुटांहून कमी करता येत नाही. ओट्याची उंची उभ्याने काम करणाऱ्या बाईच्या कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली असावी. ती नकाशावरच्या ठरीव आकड्यावरून घेऊ नये, तिला उभे करून मोजून घ्यावी. शेगडी खिडकीसमोर नको, कारण वाऱ्याने ज्योत फडफडते. खिडकीसमोर भांडी घासण्याची मोरी द्यावी, म्हणजे त्या रुक्ष कामात निदान नजरेला परसातली हिरवळ मिळते. पिण्याचे पाणी, धुण्याची जागा आणि शेगडी यांमधली पावले मोजून कमी करावीत. स्वयंपाकघरातून परसात दार हवे, आणि गच्चीवर पापड-कुरडया वाळवावयाच्या असतील तर जिना तेथून फार दूर नसावा.

ज्या भिंतीत स्वयंपाकघराची मोरी, तिच्याच पाठीशी न्हाणीघर, आणि माडीवर पुन्हा त्याच जागी न्हाणीघर, अशी ओल्या जागांची एकत्र मांडणी केली म्हणजे नळ व सांडपाण्याचे पाइप लहान पडतात, आणि गळती झाली तर ती कोठे शोधावी हे ठाऊक असते. शौचकूप पूर्वी परसात असे, आता ते घरात आले. त्याचे दार जेवणाच्या जागेकडे उघडू नये एवढी काळजी घेतली व त्याला बाहेरच्या भिंतीत झरोका दिला म्हणजे पुरे.

जिन्याला नकाशात नेहमी उरलेली जागा मिळते, आणि तिचे प्रायश्चित्त घरातल्या वृद्धांच्या गुडघ्यांना घ्यावे लागते. सतराव्या शतकात ब्लोंदेल ह्या फ्रेंच वास्तुविशारदाने सांगितलेला नियम आजही उपयोगी पडतो. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज सुमारे चोवीस इंच यावी. सात इंच उंच व दहा इंच रुंद पायरी त्यात तंतोतंत बसते. दोन मजल्यांच्या जमिनींत साडेदहा फूट अंतर असेल तर अशा अठरा चढण्या लागतात; मध्ये लँडिंग घेऊन नऊ-नऊच्या दोन सरळ ओळी केल्या, तर सुमारे पावणेदहा फूट लांब व साडेसहा फूट रुंद जागा मोजून आधीच राखून ठेवावी.

खर्चाची जी काटकसर करावयाची ती घराच्या आकारात करावी. तीस फूट चौरस घराचा घेर १२० फूट भरतो; तेवढेच नऊशे चौरस फूट पंधरा बाय साठच्या लांबोळ्या घरात घेतले तर घेर १५० फूट होतो, म्हणजे बाहेरची भिंत एकचतुर्थांश अधिक. बाहेर काढलेला प्रत्येक कोपरा भिंत, गिलावा आणि छपराचा जोड वाढवितो, व पाऊस बहुधा जोडातूनच आत येतो. भिंतीही जागा खातात हे विसरू नये. तीस बाय त्रेचाळीस फुटांचे घर कागदावर १२९० चौरस फूट असते, पण बाहेरच्या नऊ इंची भिंती वजा जाताच ११८३ उरतात, आणि आतल्या भिंती अजून वजा व्हावयाच्याच असतात.

घर वाढणार हे गृहीत धरूनच नकाशा करावा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८०च्या दशकात जी वसाहत आखली, तीत सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडलेली आहेत, आणि कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीशी सामाईक नाही; हेतू हा की प्रत्येकाला आपल्या ऐपतीप्रमाणे पुढे घर वाढविता यावे. पुण्यात जन्मलेल्या वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत तर अनेक कुटुंबांना जोते, नळ-मोरी आणि एखादी खोली एवढेच देऊन बाकीचे घर त्यांच्यावर सोपविले. आपल्या एका घरासाठी यातून घेण्यासारखे हे की, जिना घराच्या कडेला ठेवावा, म्हणजे उद्या माडी चढविली तर मुलाचा संसार किंवा भाडेकरू खालच्या घरातून न जाता वर जाऊ शकेल. पाया व खांब वरच्या मजल्याच्या भाराचे घ्यावेत. आणि तळमजल्यावर न्हाणीघराला लागून एक खोली अशी ठेवावी की जिना चढणे बंद झाल्यावर आईवडिलांना व पुढे आपल्यालाही तेथे राहता येईल.

ह्या सर्वांपूर्वी जमिनीचे कागद निर्वेध असावयास हवेत, हे सांगणे नलगे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, लागत असेल तेथे बिनशेतीचा हुकूम, मोजणी होऊन कायम झालेली हद्द आणि नियमाप्रमाणे चारी बाजूंना सोडावयाचे अंतर, एवढे हाती आल्याशिवाय पेन्सिल उचलू नये. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट असले तरी बांधावयास त्यातले किती मिळतील हे त्या अंतरांवरून ठरते.

नकाशा मंजूर होऊन परवाना हाती आला म्हणजे मिस्त्री जमिनीवर सुतळी धरून चुन्याची फक्की टाकतो. तीन, चार व पाच फुटांच्या बाजूंचा त्रिकोण धरून कोपरा काटकोनात आहे की नाही हे तो पाहतो, आणि दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणजे आखणी बरोबर ठरते. त्या दिवशी घरातल्या सर्वांनी तेथे जावे. मोकळ्या आकाशाखाली आखलेली खोली नेहमी लहान दिसते, आणि घाबरून ती वाढविण्याचा मोह होतो. तो आवरून घरातली खरी खाट तेथे नेऊन ठेवावी, दारांच्या जागी दोन विटा मांडाव्यात, आणि पहाटे उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंतच्या वाटा प्रत्यक्ष चालून पाहाव्यात. चुकीची रेघ पायाने पुसून दुसरी टाकावयास काही खर्च येत नाही. बदल खांबांच्या किंवा परवान्याच्या मुळावर येणारा असेल तर मात्र अभियंत्याला विचारल्यावाचून करू नये. पुढे खांब आणि जोते झाले की भिंती ठरल्या, पण दारे तेव्हाही थोडीबहुत सरकविता येतात. वीटकाम सुरू होऊन चौकटी उभ्या राहावयाच्या दिवशी पुन्हा एकदा हजर राहावे, प्रत्येक पल्ला कोणत्या बाजूस उघडणार हे मिस्त्रीला बिजागऱ्यांसकट सांगावे, आणि पुढे भिंत चढली की दिव्याचे बटण बिजागरीच्या विरुद्ध बाजूस, आत पाऊल टाकताच हाताला लागेल असे, खडूने खुणावून ठेवावे.